धागा: गूळ पावडर स्वतःच्या नावानं बाजारात आणतोय. दसरा धरू की संक्रांत?

गुऱ्हाळ_ते_घर

नमस्कार मंडळी. पन्हाळा तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे, आजोबांच्या काळापासनं. आजवर सगळा गूळ रव्यात, म्हणजे ढेपेत भरून शाहू मार्केट यार्डात सौद्याला जातो आणि तिथनं पुढं बहुतेक गुजरातला. निघेल तो भाव आपला. गेल्या हंगामात थोडी पावडर करून बघितली आणि पाहुण्यांत वाटली. सगळ्यांनी चांगली म्हणून परत मागवली. म्हणून आता घरात ठरलंय की चहासाठीची गूळ पावडर अर्ध्या किलोच्या पाऊचमध्ये स्वतःच्या नावानं काढायची.

बेत असा आहे. नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईला लाखांनी भाविक येतात, त्यामुळं दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्घाटन. एक हॉल घ्यायचा, पाहुणे बोलवायचे, चौकाचौकात बॅनर, इन्स्टावर रील, आणि त्याच दिवशी शहरातल्या शंभरएक दुकानांत माल पोचलेला पाहिजे. घरातनं तीन लाख रुपये मिळालेत. त्यातले किती कशावर घालावेत? आणि माझ्या ध्यानात न आलेलं काय राहतंय? अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगावं.

नाद_खुळा_करवीर

भावा, पहिल्यांदा अभिनंदन! आपल्या पोरांनी माल दुसऱ्याच्या नावानं विकायचं बंद केलं पाहिजे, हे मी कायम सांगत आलोय. दसराच धर. नवरात्रात महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते. एवढी गर्दी परत वर्षभर मिळत नाही. पहिल्याच दिवशी नाव सगळ्या गावात झालं पाहिजे.

शाहूपुरी_पेढी

पोरा, तुझं गुऱ्हाळ आहे म्हणतोस म्हणून तुला उसाच्या भाषेतच सांगतो.

दसऱ्याला तुझ्याकडं कुठला गूळ असणार? एक तर मार्च-एप्रिलचा, पावसाळा काढलेला. नाहीतर नुकत्या पेटलेल्या चुलवाणावरचा (गुऱ्हाळाच्या भट्टीवरचा), ओल्या रानातल्या कोवळ्या उसाचा. पक्व न झालेल्या उसात साखर कमी असते आणि जी असते तिच्यातला ग्लुकोज-फ्रुक्टोजचा भाग जास्त. असल्या रसाचा गूळ मऊ पडतो, चिकट होतो, हवेतलं पाणी ओढतो. रव्यात हे एक वेळ खपून जातं. पावडरीत नाही खपत. महिन्याभरात पाऊचमध्ये गोळा होणार आणि गिऱ्हाईक चमच्यानं फोडत बसणार. तुझ्या नावाची पहिली ओळख ती होईल.

दिवाळी पाडव्याला यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात ते काय उगाच नाही. तिथनं पुढं थंडी पडते, ऊस भरतो, उतारा वाढतो. डिसेंबर-जानेवारीचा गूळ हा वर्षातला सगळ्यात चांगला गूळ. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, घरोघरी गुळाची खरेदी, त्यात थंडीचा चहा. तुझा उत्तम माल आणि बाजाराची मागणी एकाच वेळी येतात ती तेव्हा. मग दसऱ्याची घाई कशाला?

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापारासाठी. तेव्हापासनं कोल्हापूरचा गूळ देशभर गेला तो सोहळे करून नाही. गुजरातच्या व्यापाऱ्यानं एकदा माल घेतला आणि पुढच्या हंगामात त्यानंच विचारणा केली, असा गेला. तुझं यश पण तिथंच मोजायचं. पहिल्या दिवशी किती पाऊच गेले ते लिहून ठेव, पण त्यावर काही ठरवू नको. पहिला पाऊच संपल्यावर दुसरा मागायला किती जण आले, तो आकडा बघ. एका छोट्या घरात चहाला अर्धा किलो दोन-तीन आठवडे जातो. म्हणजे खरा निकाल महिन्यानं लागतो. तोपर्यंत शंभर दुकानांत माल टाकून बसलास तर निकाल यायच्या आधीच सगळे पैसे गुंतलेले असतील.

माझं ऐकशील तर पंधरा-वीस दुकानं धर. एकाच पट्ट्यातली, तुला आठवड्याला स्वतः चक्कर मारता येईल अशी.

गुऱ्हाळ_ते_घर

काका, मनापासून आभार. पक्वतेचा मुद्दा मला माहीत होता, पण माल काढायच्या तारखेशी त्याची सांगड घातली नव्हती. तरी एक शंका. आमची लागण ८६०३२ या जातीच्या उसाची आहे आणि आडसालीचा, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला ऊस ऑक्टोबरात बऱ्यापैकी तयार असतो. त्यातला निवडून घेतला तर?

शाहूपुरी_पेढी

निवडून थोडा माल होईल, चाचणीपुरता. तेवढा जरूर कर. शंभर दुकानं भरायला पुरणार नाही. रिफ्रॅक्टोमीटर घे आणि रोज रसाचं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, वहीत लिहीत जा. कुठल्या दिवसाचा, कुठल्या रानाचा माल कसा टिकला हे पुढच्या वर्षी तुलाच उपयोगी पडेल. आपल्याकडं राहुरी कृषी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे. तिथल्या लोकांना जाऊन भेट. पावडरीसाठी पाक घट्ट गुळापेक्षा थोडा पुढं न्यावा लागतो, ११८ च्या ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या वर. तुझा गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) हातानं ओळखत असेल, तरी थर्मामीटर लावच. गुळव्या बदलला की चव बदलायला नको.

भुदरगडची_बचतगटवाली

दादा, आमच्या गटाची नाचणीची बिस्किटं आणि लाडू असतात. तुमचा विषय वाचून एकच विचारायचं आहे. तुमच्या पावडरीनं दूध फाटतं का?

गुऱ्हाळ_ते_घर

ताई, आमच्या घरी नाही फाटत. पाहुण्यांपैकी एका-दोघांनी कधीतरी फाटलं असं म्हटलं होतं, पण दूधच जुनं असेल असं वाटलं.

भुदरगडची_बचतगटवाली

मग दुकानाच्या, बॅनरच्या आधी हे बघा. चहासाठी म्हणून विकताय, तर बाईच्या मनात पहिला प्रश्न हाच येणार. गुळात आंबटपणा असतो आणि क्षार असतात. उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटू शकतं. गूळ जुना झालेला, आंबायला लागलेला असेल तर हमखास. पावडर करताना रसात चुन्याची निवळी किती घालता त्यावर पण आंबटपणा ठरतो.

आम्ही गटात असं करतो. नवीन जिन्नस आधी ओळख नसलेल्या बायकांना द्यायचा. नात्यातल्यांना नाही. नात्यातली माणसं तोंडावर चांगलंच म्हणतात, त्यांचाही दोष नाही, त्यांना तुमचं कौतुक असतं. तुम्ही वीस-पंचवीस घरं निवडा. काही कोल्हापूर शहरातली, काही गावाकडची. काही घरी पिशवीतलं दूध, काही घरी म्हशीचं घरचं. त्यांना पाऊच द्या आणि वापरायचं कसं ते मुद्दाम सांगू नका. त्यांच्या पद्धतीनं करू दे. आठवड्यानं जाऊन समोर बसून त्यांना चहा करायला सांगा आणि तुम्ही नुसतं बघा. कोण पावडर आधी घालते, कोण शेवटी, चमचा कुठला वापरते, साखरेइतकीच घालते का जास्त, पाऊचचं तोंड कशानं बांधते. हे तुम्हाला कुठलाही सल्लागार सांगणार नाही.

आणि मग शेवटी विचारायचं, आता हा संपला की पैसे देऊन घ्याल का, आणि किती देऊन? हो म्हणणाऱ्या बाईकडनं तिथंच पैसे घ्या आणि पुढचा पाऊच पोचवा. नुसत्या “हो”ला काही किंमत नाही. आमचा एक लाडू सगळ्यांनी छान म्हणून खाल्ला आणि परत एकीनं पण मागितला नाही. तो आम्ही बंद केला, त्याच पिठाची बिस्किटं केली, ती आज चालतात.

नाद_खुळा_करवीर

ताई, हे एक नंबर सांगितलंत. समोर बसून चहा करायला लावायचं, हे डोक्यातच आलं नसतं.

शाहूपुरी_पेढी

ताईंना दुजोरा. पाऊचच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिही: “चहा गॅसवरून उतरवून मग पावडर घाला.” त्या एका ओळीनं निम्म्या तक्रारी कमी होतील. पण सूचना लिहिली म्हणून मालातला आंबटपणा चालेल असं नाही. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या मालाचा, पीएच (आंबटपणाचा आकडा) तपास, जास्त आंबट निघालेला घाणा पाऊचमध्ये भरू नको, रव्यात जाऊ दे.

लेबल_आणि_कायदा

मी खाद्य उद्योगांना परवाने आणि लेबलच्या कामात मदत करतो. धागाकर्त्यानं विचारलंय की काय राहतंय, म्हणून लिहितो. पाऊच छापायच्या आधी वाचावं, छापल्यावर वाचून उपयोग नाही.

एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना हवाच. त्याचा १४ आकडी नंबर पाऊचवर आला पाहिजे. शाकाहारी चिन्ह, घटक, पोषणमूल्य, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, हे अन्नसुरक्षेच्या बाजूनं. वजनमापाच्या बाजूनं २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शिवाय दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत. अक्षरांची उंचीसुद्धा ठरलेली आहे. पॅकर म्हणून वैधमापनशास्त्राकडं (वजनमाप खात्याकडं) नोंदणी काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत करायची असते.

आता जिथं हमखास घोटाळा होतो ते. “शुगर फ्री” लिहू नका. गूळ ही बहुतांश साखरच आहे, फक्त तिच्यात क्षार आणि बाकीचे घटक राहिलेले असतात. “मधुमेहींसाठी उत्तम” तर अजिबात नको. खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असा दावा कायद्यात बसत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखादा पेशंट त्यावर विश्वास ठेवून चमचेच्या चमचे खाईल याचा विचार करा. “सेंद्रिय” लिहायचं असेल तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र लागतं. खत कमी घातलं एवढ्यावर तो शब्द वापरता येत नाही. “केमिकल फ्री” लिहायची फार हौस असते लोकांना. त्यापेक्षा तुम्ही जे करता ते साधं लिहा: रस स्वच्छ करायला भेंडीचा चीक वापरला, हायड्रॉस (रंग उजळवायचं गंधकाचं रसायन) वापरला नाही. आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा सल्फर डायऑक्साइडचा अहवाल हाताशी ठेवा. हायड्रॉस न घातलेला गूळ गडद निघतो, पिवळाधमक नसतो. हे गिऱ्हाइकाला सांगायला लाजू नका.

“कोल्हापुरी गूळ” या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. ते मानांकन कोल्हापूरच्या बाजार समितीच्या नावावर आहे. तुम्ही त्या भागातले उत्पादक आहात, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या, अर्ज जीआय-३ मध्ये करायचा. आपल्या जिल्ह्यातले फार थोडे लोक ही तसदी घेतात आणि मग बाहेरचा गूळ आपल्या नावानं विकला जातो म्हणून सगळेच हळहळतात.

ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क शोध पण आत्ताच करा. गूळ वर्ग ३० मध्ये येतो. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये आहे. बॅनर लागल्यावर तेच नाव दुसऱ्याचं निघालं तर सगळं परत छापावं लागेल.

गुऱ्हाळ_ते_घर

बापरे. हे सगळं सेव्ह करून ठेवतोय. “शुगर फ्री” नव्हतं लिहिणार, पण “मधुमेहींना चालतो” असं डिझाइनवाल्यानं टाकलं होतं. आजच काढायला सांगतो.

राजारामपुरीतला_दुकानदार

मी दुकानाच्या गल्ल्यावरनं बोलतो. माझ्याकडं महिन्याला नवीन मालवाले कितीतरी येतात. मसाले, पापड, लोणची, तुमच्यासारखी गूळ पावडर पण. बहुतेक जण पहिल्या महिन्यात दिसतात आणि नंतर फिरकत नाहीत. माल कपाटात राहतो, तारीख होऊन जाते, फोन लावला तर उचलत नाहीत. त्यामुळं नवीन माणसाला आम्ही म्हणतो, ठेवून जा, विकला की पैसे. हे तुम्हाला अपमानाचं वाटेल, पण आमच्या बाजूनं पण बघा.

तुम्ही वेगळं काय करू शकता ते सांगतो. थोडाच माल द्या, डझनभर पाऊच. आठवड्याला ठरलेल्या वारी या. न विकलेला माल तारीख जवळ आली की न सांगता स्वतः बदलून द्या. एवढं दोन महिने नियमानं केलंत तर तिसऱ्या महिन्यापासनं मी रोख देतो. माझ्यासारखे बाकीचे पण देतील.

आता किमतीचं. घाईत कोणी हा हिशेब करत नाही. समजा तुमचा अर्ध्या किलोचा पाऊच ८० रुपये छापील किमतीचा आहे. दुकानदाराला २० टक्के धरा, म्हणजे मला तो ६४ ला पडला पाहिजे. मधे डिस्ट्रिब्युटर घातलात तर त्याचे ८ टक्के, तुमच्या हातात साधारण ५९. पॅकबंद आणि लेबल लावलेल्या गुळावर जुलै २०२२ पासनं ५ टक्के जीएसटी आहे, तो वजा जाता ५६. आता तुमचा खर्च: पावडर ३५, पाऊच-लेबल ७, मजुरी आणि घट ४, गाडीभाडं ३. झाले ४९. राहिले ७ रुपये. त्यातनं चवीला वाटलेला माल, परत आलेला माल, रील आणि बॅनर. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. पण दहावर एक फुकटची स्कीम सांगताना हे सात रुपये आठवा. स्कीम दिली की त्यातले पाच तिथंच गेले.

म्हणून सुरुवातीला डिस्ट्रिब्युटर नको. शाहूपुरी_पेढी काकांनी पंधरा-वीस दुकानं सांगितलीत ते म्हणूनच पटतं. तेवढी दुकानं तुम्ही स्वतः करू शकता आणि मधले पाच रुपये तुमचेच राहतात.

पुण्यातला_करवीरकर

ऑनलाइनबद्दल थोडं. गूळ हा जड आणि स्वस्त माल. अर्धा किलोचा एक पाऊच कुरिअरनं पुण्याला पाठवायचा म्हटलं तर कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीला भिडतो. दोन किलोचा संच करा, नाहीतर चार-पाच सोसायट्यांची एकत्र ऑर्डर घेऊन कोल्हापूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाका. पुण्या-मुंबईत आपली माणसं ढिगानं आहेत, गावचा गूळ म्हटलं की घेतात. पण तेही कोल्हापुरात माल जम बसल्यावर.

नाद_खुळा_करवीर

सगळं पटलं, पण मी नवरात्राचा मुद्दा सोडत नाही. काका, माल संक्रांतीला चांगला हे बरोबर. पण संक्रांतीला लोक गूळ घेतात तो ओळखीच्या दुकानातला, ओळखीचा. हे नवीन नाव त्यांनी आधी कुठंतरी ऐकलेलं पाहिजे की नको? नवरात्रात माणसं मोकळ्या मनानं हिंडत असतात. सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, कोकण, सगळीकडनं आलेली असतात. चव घ्यायला तयार असतात. ही गर्दी हातची का घालवायची?

भुदरगडची_बचतगटवाली

या बोलण्यात दम आहे. मग असं करा दादा, नवरात्रात पाऊच विकायचेच नाहीत. फक्त चहा द्या. छोटे कप, तुमच्या पावडरीचा चहा, समोर केलेला. ऑक्टोबरातल्या निवडक उसाची जी थोडी पावडर होईल ती चहापुरती भरपूर झाली. चहा पिऊन ज्याला आवडेल त्याचा नंबर आणि गाव वहीत घ्यायचं, आणि सांगायचं की नवा गूळ निघाला की तुम्हाला कळवतो. डिसेंबरात त्या सगळ्यांना निरोप. कोण कुठल्या गावचं हे कळलं की पुढं कुठल्या तालुक्यात दुकानं धरायची ते पण कळेल. आणि दूध फाटायचं असेल तर ते तुमच्या डोळ्यांसमोर फाटेल.

स्टॉलला चहा देताय तर त्याचीही अन्नसुरक्षेची नोंद लागते, ती बघून घ्या. महापालिकेची जागेची परवानगी पण आधीच काढा, नवरात्राच्या तोंडावर मिळत नाही.

शाहूपुरी_पेढी

हे मला मान्य. विकायची घाई नाही, आणि गर्दी पण वाया जात नाही. पोरा, या ताईंना पहिला पाऊच पोचव.

लेबल_आणि_कायदा

तीन लाखांचं कोणीच बोललं नाही, म्हणून थोडं लिहितो. छापील लॅमिनेट पाऊच रोटो छपाईनं करायला गेलात तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि कमीत कमी ऑर्डर मोठी असते. पहिल्या वर्षी ते करू नका. साधा स्टँडी (उभा राहणारा) पाऊच घ्या आणि चांगलं लेबल चिकटवा. महिन्याभरात मजकूर बदलावासा वाटणार, सूचना घालावीशी वाटणार, किंमत बदलणार. लेबल बदलणं स्वस्त आहे. सुपरमार्केटमध्ये जायचं ठरलं तर बारकोड लागेल, जीएस१ इंडियाकडनं घ्यायचा. गल्लीतल्या दुकानांना त्याची गरज नाही.

पावडरीचं मशिनरी म्हणजे ड्रायर, चाळण, सीलिंग घ्यायचं असेल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना बघा, २०२० पासूनची. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. आपल्या जिल्ह्याला त्यात “एक जिल्हा एक उत्पादन” म्हणून गूळच आहे. ती अजून चालू आहे का, याची कृषी विभागाकडं चौकशी करा. पण अनुदान मिळेल असं धरून तारीख ठरवू नका. बँकेचं कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो.

हॉलचा कार्यक्रम माझ्या मते रद्द करा. तो पैसा प्रयोगशाळेच्या तपासण्या आणि चवीला वाटायच्या मालावर घाला.

राजारामपुरीतला_दुकानदार

कार्यक्रमच करायचा असेल तर गुऱ्हाळावर करा. थंडीत, जानेवारीच्या एका रविवारी. मी आणि माझ्यासारखे जे पंधरा-वीस दुकानदार माल ठेवतील त्यांना घरच्यांसकट बोलवा. गरम काकवी द्या, काहिलीतला पाक वाफ्यात ओतताना दाखवा. ज्या दुकानदारानं स्वतः बघितलंय तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो, “हे घ्या, मी बघून आलोय.” त्याला खर्च काही लागत नाही.

गुऱ्हाळ_ते_घर

मंडळी, काल रात्री घरी सगळे बसलो आणि धागा पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. वडिलांना काकांचं आणि आईला ताईंचं पटलं. आता ठरलंय ते असं.

आधी घरं निवडून ताईंनी सांगितलेली चाचणी. सुरुवात गेल्या हंगामातल्या उरलेल्या पावडरीवर, कारण जुन्या मालावर दूध कसं वागतं ते पण बघायचं आहे. दरम्यान परवाना, ट्रेडमार्कचा शोध आणि जीआयचा अर्ज. नवरात्रात फक्त चहाचा स्टॉल आणि वही. दिवाळी पाडव्यानंतर संशोधन केंद्रातल्या लोकांचा सल्ला घेऊन पावडर, प्रत्येक घाण्याची नोंद. डिसेंबरच्या सुरुवातीला राजारामपुरी आणि शाहूपुरीतली दुकानं, मी स्वतः दर गुरुवारी. संक्रांतीच्या आधी वहीतल्या सगळ्यांना निरोप. फेब्रुवारीत बघायचं की दुसरा पाऊच किती घरांनी घेतला, आणि तेव्हाच ठरवायचं की दुकानं वाढवायची का पावडर सुधारायची. मेरी वेदर मैदानावरच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा की नाही ते पण तेव्हाच.

एक शेवटचा प्रश्न. सगळं नीट झालं तरी जूनमध्ये पाऊस लागणार. कोल्हापूरच्या पावसात दुकानातल्या पाऊचचं काय होतं?

राजारामपुरीतला_दुकानदार

साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला गूळ जुलैत ओला होतो, हे मी दर वर्षी बघतो. जाड लॅमिनेटचा, आतनं चंदेरी थर असलेला पाऊच घ्या, झिपवाला. खिडकीवाला पारदर्शक पाऊच दिसायला छान पण दमट हवेत टिकत नाही. आणि मेनंतर मला जास्त माल देऊच नका. आठवड्याला लागेल तेवढाच.

शाहूपुरी_पेढी

पाऊचच्या आधी पावडरीतला ओलावा बघ. दोन टक्क्यांच्या आत आणल्याशिवाय भरू नको. ड्रायर नसेल तर थंडीतल्या कडक उन्हात, जाळीखाली, पातळ थरात वाळव आणि गार झाल्यावरच भर. गरम भरलीस तर आतल्या आत घाम सुटतो. वर्षभराचा साठा मार्चच्या आतच करून हवाबंद डब्यात ठेव, आणि पावसाळ्यात लागेल तसा त्यातनं पाऊच भर. भरायची खोली बंद ठेव, दमट दिवशी भरूच नको. पहिल्या वर्षी पावसाळ्यात विक्री कमी झाली तरी चालेल.

भुदरगडची_बचतगटवाली

दादा, चाचणीसाठी गारगोटीकडची पाच घरं मी बघून देते. त्यातल्या तिघींकडं म्हशीचं दूध आहे. कधी पाठवताय तेवढं कळवा.